वानगी

१

दुकानात तुरीचं पोतं उतरलं की लोक आधी चिठ्ठी बघतात. मी दाणा बघतो. पोत्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा, वरचा देखणा माल बाजूला सारायचा, तळातले चार दाणे काढायचे आणि तोंडात टाकायचे. याला आमच्या धंद्यात वानगी म्हणतात. वानगीला परवानगी विचारायची नसते. विचारली की समोरचा सावध होतो.

वर्ध्याच्या बाजारात माझं डाळींचं दुकान चाळीस वर्षं आहे. शाळा सातवीपर्यंत, पुढचं पोत्यांनी शिकवलं. एकदा एक बाहेरचा व्यापारी आरशासारखी चकचकीत तूर घेऊन आला. मी तीन दाणे चावले आणि म्हटलं, "भाऊ, हा मागच्या सालचा माल हाय, अन् वरून तेलाचा हात फिरवला हाय." तो बिचारा तिथंच गोणपाटावर बसला. त्याला पाणी दिलं, चहा पाजला. आजही दर दिवाळीला त्याचा फोन येतो. ज्याचं खोटं आपण हसून पकडतो तो माणूस जन्मभर आपला होतो, असा माझा अनुभव.

दाणा पारखून झाला की माझी जीभ टाळूला लागून एक आवाज करते. टच्. मी मुद्दाम करत नाही, होतो. बाजारात मात्र तो ओळखीचा आहे. हमाल म्हणतात, "नानाजीचा टचका वाजला, उतरवा माल."

हे माझ्या जिभेचं कौतुक झालं. पण ही जीभ खरी कामाची होती ती घरात.

चार वर्षांपूर्वीच्या त्या तापात माझ्या बायकोची, शोभाची, चव गेली आणि वासही गेला. ताप उतरला, या दोन गोष्टी परतल्या नाहीत. शोभाच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी लोक आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका घेऊन मुद्दाम जेवणाच्या वेळी यायचे, अशी ती बाई. तापानंतर पहिल्यांदा चुलीशी उभी राहिली त्या दिवशी तिनं वरणात दोनदा मीठ घातलं. मुलगा प्रफुल, सून हर्षा, सगळे मान खाली घालून जेवले. तिनं आमची तोंडं पाहिली आणि ओळखलं. मागच्या ओट्यावर जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पळीभर वरण माझ्यासमोर धरलं. "चाखा नं जी. मीठ बरोबर हाय?"

मी बोट बुडवलं. टच्. "बरोबर आहे."

तेव्हापासून रोज हेच. दुकानात जायच्या आधी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचो आणि पळी यायची. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी गोड असं फार बोललो नाही. ते सगळं त्या पळीवर व्हायचं. एकदा ती म्हणाली होती, "माह्या हाताले आता तुमचीच जीभ हाय. थेही गेली तं मी या घरात भांडे घासणारी."

ती हसत म्हणाली होती. मी हसलो नव्हतो.

२

फेब्रुवारीत आमच्या किराणा व्यापाऱ्यांच्या मंडळानं एक दिवसाची सहल काढली. आपलाच जिल्हा आपण पाहिला नाही, अशी कल्पना. एक मिनीबस, सोळा जोडपी आणि माहिती सांगायला सिंदी मेघे गावची दीपमाला. इतिहासात एम.ए. झालेली, तिशीची, हातात छोटा माइक आणि डोळ्यांत सगळ्यांना वेळेवर घरी पोचवायची काळजी.

सकाळी सेवाग्रामला गेलो. आश्रमात आवाज आपोआपच खाली येतो. दीपमालानं एकादश व्रतं सांगितली, त्यात अस्वाद आलं. जेवण चवीसाठी नाही, शरीरासाठी. जिभेचं ऐकायचं नाही.

मी शोभाच्या कानात म्हटलं, "हे व्रत गावानं घेतलं तर आपलं दुकान वाढवावं लागेल."

ती म्हणाली, "मी तं घेऊनच बसली हाय चार सालापासून. मले कोणं आश्रमात बोलावलं नाई."

बसमध्ये आमच्या मागच्या सीटवर असलेले हरिदासजी, साबणवाले, शेजारीच उभे होते, ते मोठ्यानं हसले. मी हसलो नाही.

मग गिरड. टेकडीवर दर्ग्याला गेलो, खाली पसरलेली कापसाची आणि तुरीची रानं पाहिली. उतरताना शोभानं माझा दंड धरला होता. दीपमाला माइकवर म्हणाली, "आता जेवाले चाललो आपण. पण आजचं जेवण थोडं वेगळं हाय बरं. फसलं तं मले बोल लावायचा नाई."

३

गावाचं नाव सावळधरा. गिरडपासून आत, कच्च्या रस्त्याला. शाळेच्या मैदानात मांडव, मांडवावर फलक: 'अनचाख खाद्य महोत्सव'.

दीपमालानं समजावलं. या गावात वर्षातून एक दिवस, तूर निघाली की, सगळा स्वयंपाक न चाखता करतात. रांधणारी बाई मीठ बघत नाही, तिखट बघत नाही. अंदाजानं टाकते. पहिलं पान वाढून एका खोलीत ठेवतात, मग बाकीच्यांनी जेवायचं. पूर्वी हे गावापुरतं होतं. चार-पाच वर्षांपासून त्याचा महोत्सव केला, कारण न चाखलेल्या जेवणाची मजा मोठी असते. एखाद्या गंजातली, म्हणजे पातेल्यातली, भाजी अळणी, दुसऱ्यातली नुसती आग. सगळ्यात फसलेल्या पदार्थाला पाहुणे मतं देतात आणि त्या बाईला पाच नारळ मिळतात.

"मागच्या साली एकीच्या कढीत साखर जास्त झालती," दीपमाला म्हणाली. "लोकायनं खीर म्हणून पिली."

मांडवात खरोखर जत्रा होती. अंबाडीचं सरबत, मोहाचे लाडू, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे. फोटो काढणारे, रील काढणारे. आमची मंडळी पांगली.

मी मात्र चुलीकडे गेलो. ही माझी खोड. कोणाच्याही घरी गेलो तरी मी आधी स्वयंपाकघराकडे वळतो.

मांडवामागे आठ चुली ओळीत पेटल्या होत्या. आठही बायांनी पदर नाकातोंडावरून घट्ट बांधून मागे गाठ मारली होती. मला वाटलं, पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, धूर आहे म्हणून. पण वारा उलट दिशेनं होता, धूर सगळा शेताकडे चालला होता.

"वासही घ्याचा नाई त्यायले," माझ्या मागून कोणी म्हणालं. "वास घेतला म्हणजे अर्धं चाखल्यासारखंच नं जी."

ते नत्थूजी. सत्तरीचे, स्वच्छ धोतर, गावातले मोठे. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "तुमी वर्ध्याचे दाळवाले नानाजी. नाव आईकलं हाय तुमचं. आमची दाळ पाहून घ्या बरं, कशी शिजली ते."

मला बरं वाटलं. पन्नास मैलांवर आपलं नाव कोणी ऐकलेलं असलं की कोणालाही बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र मनात अडकली. आठ बाया एका ओळीत रांधत होत्या आणि एकही बोलत नव्हती. स्वयंपाकाच्या चुलीवर मी इतकी शांतता कधी पाहिली नाही.

४

शेवटच्या चुलीवर वरणाचा मोठा गंज होता. त्याच्याशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईचं नाव आनंदाबाई. नत्थूजींनी लांबूनच सांगितलं आणि ते वळून मांडवाकडे बघायला लागले.

मी वाकलो. वरण सुरेख होतं, घट्ट, वर तुपाचा थर नाही, फोडणी नाही. गावरान तूर, हातजात्यावर भरडलेली, हे रंगावरून कळलं. पॉलिशवाली नाही, तेलाचा हात नाही. कोणत्या शेतातली असेल? काळ्या जमिनीतली की मुरमाड?

आणि माझं बोट गंजात गेलं.

तुम्ही म्हणाल, नानाजी, आत्ताच तर ऐकलं होतं, की चाखायचं नाही. खरं आहे. पण चाळीस वर्षं पोत्यात घातलेला हात कान देऊन ऐकत नाही. बोट गेलं, तोंडात आलं, काठावर पुसलं गेलं. टच्.

त्या शांततेत तो आवाज फार मोठा वाटला. आठही बायांचे हात थांबले.

आनंदाबाईचे फक्त डोळे दिसत होते. ते रागावलेले नव्हते. पदराआडून ती म्हणाली, "मीठ?"

माझ्या तोंडात उत्तर तयारच असतं. "बरोबर आहे."

"पुन्हा सांगा जी एक डाव."

"बरोबर आहे, माय."

तिनं डोळे मिटले. खांदे खाली आले. डोक्यावरचा भारा उतरवलेल्या बाईचे येतात तसे. मग मला माझी चूक कळली आणि मी हात जोडले. "माफ करजो. हाताची सवय हाय."

"असू द्या," ती म्हणाली. "कोणाची न् कोणाची राह्यतेच."

मी वळलो. नत्थूजी अजून मांडवाकडेच बघत होते. मांडवात तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं.

५

पहिल्या पानाची खोली मैदानाच्या टोकाला होती. मातीच्या भिंती, खिडकी नाही, वाकून जावं लागेल असं दार. नत्थूजींनी मला आग्रहानं पुढे बसवलं, दारापासून चार हातांवर. पाहुण्यांचा मान म्हणून. शोभा माझ्या शेजारी. आत सारवलेल्या जमिनीवर एक पाट, पाटासमोर पत्रावळ, तांब्या. आनंदाबाईनं रोडगा, वांग्याची भाजी, भात आणि द्रोणात वरण वाढलं.

दार उघडं होतं तेवढ्यात मी एक गोष्ट टिपली. बाहेर आठ चुलींचा, भाजलेल्या वांग्याचा, गोवऱ्यांचा वास नुसता भरून राहिला होता. आतून मात्र सारवलेल्या जमिनीचाही वास येत नव्हता. उंबऱ्याच्या आत वास नव्हताच. मी पुढं वाकून पाहिलं, मागं होऊन पाहिलं. पुढं झालं की जायचा, मागं आलं की यायचा.

दार लावलं. नत्थूजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "अकरा मिनटं," दीपमाला हळूच म्हणाली. "पान तसंच राह्यते काका. कोणी खात नाई. मी असल्या गोष्टी मानत नाई, पण ज्याच्या घरी जेवाचं त्याची रीत मोडतही नाई."

दीडशे माणसं गप्प बसली. रीलवालेसुद्धा. लांब कुठं मोटारपंप चालू होता.

आठवं-नववं मिनिट असेल. आतून आवाज आला.

टच्.

शोभानं मला कोपरखळी मारली. "गप बसा नं. टचके कायले वाजवून राह्यले इथं?"

मी तिच्याकडे पाहिलं. माझे ओठ बंद होते, हे तिला सांगायचं होतं. पण माणूस पासष्टीला आला की स्वतःच्या तोंडाचीही खात्री देत नाही. सवयीनं वाजला असेल, मी मनाला म्हटलं. आवाज भिंतीवर आपटून परत आला असेल.

दार उघडलं. पान तसंच होतं. रोडगा अख्खा, भाताची मूद अख्खी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जवळ होतो म्हणून मला द्रोण दिसला. वरणाच्या सायीवरून एक बोट फिरलेलं होतं, आणि द्रोणाच्या काठावर ते पुसलेलं होतं.

मागं आठही बायांनी पदराच्या गाठी सोडल्या आणि एकदम बोलायला लागल्या. कोणी हसत होत्या, एक रडत होती. सणाचा आनंद मी खूप पाहिला आहे, हा तो नव्हता. घरातल्या रोग्याचा ताप उतरल्यावर लोक असे बोलतात.

जेवणात वरणाला सगळ्या पाहुण्यांनी वाहवा दिली. महोत्सव सुरू झाल्यापासून पहिल्यांदा वरणाला फसल्याचं एकही मत पडलं नाही, असं दीपमाला म्हणाली. गावातल्या माणसांच्या पानांवरून मी नजर फिरवली. त्यांनी सगळं खाल्लं होतं. वरणाचे द्रोण भरलेले होते.

६

चार दिवसांनी दुकानात डबा उघडला तर वरणाच्या वाटीच्या काठावर बोट पुसल्याची रेघ होती.

हर्षाला फोन केला. "डबा भरताना वरण चाखलं काय बेटा?"

"नाई बाबा. मम्मीनंच भरला. काऊन?"

"काही नाही."

पुढच्या दिवशी डब्याचं झाकण मी स्वतः घरून चिकटपट्टी लावून आणलं. प्रफुल हसला, म्हणाला, "बाबा, आता वरणालेबी सील?" दुपारी पट्टी जशीच्या तशी होती. आत रेघ होती.

मी डोकं चालवलं. गाडीच्या धक्क्यानं वरण हलतं, काठाला लागतं, वाळतं. बरोबर. पण हललेलं वरण सगळीकडून लागतं. ते एका बोटाच्या रुंदीचं लागत नाही.

आणि मग चव जायला लागली. एकदम नाही. आधी काळ्या आणि मुरमाड जमिनीतल्या तुरीतला बारीक फरक गेला, मग नवं-जुनं कळेना. एका सकाळी मी पोत्यात हात घातला, चार दाणे चावले आणि वाट पाहिली. टचका वाजला नाही. हमाल उभे होते. "उतरवा," मी म्हटलं. तोंडात माती नव्हती, दाणा नव्हता, काही नव्हतं. जसं त्या उंबऱ्याच्या आत काही नव्हतं.

प्रफुल डॉक्टरकडे घेऊन गेला. तपासण्या चांगल्या निघाल्या. वयानं होतं, ते म्हणाले. असेल.

पण घरी रोज पळी यायची. "चाखा नं जी." मी बोट बुडवायचो. कोमट आणि ओलं, एवढंच कळायचं. "बरोबर आहे," मी म्हणायचो. काय म्हणणार होतो? तिच्या हाताला माझीच जीभ होती, हे मी विसरलो नव्हतो.

बारा दिवस निभावलं. तेराव्या दिवशी हरिदासजी जेवायला आले. पहिल्या घासाला त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. प्रफुल, हर्षा, दोघांच्या माना खाली गेल्या. अगदी चार वर्षांपूर्वीसारख्या.

शोभानं माझ्याकडे पाहिलं. मी भरभर जेवत होतो. मला काहीच लागत नव्हतं ना.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "तुमी न चाखताच सांगून राह्यले नं?"

"चाखतो ग."

"मंग काऊन असं झालं? वरण तोंडात धरवत नोयतं म्हणते हर्षा. मले खोटंच सांगाचं होतं तं आधी सांगतलं असतं. मी चूल सोडली असती."

दुसऱ्या दिवशी पळी आली नाही. मी दाराशी उभा राहिलो. ती पाठमोरी पोळ्या लाटत राहिली.

धंद्यात मी पुष्कळ गमावलं आहे. पण दाराशी रिकामं उभं राहणं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

७

दीपमालाला फोन करून सावळधऱ्याचं विचारलं. ती म्हणाली, "काका, तुमाले जाऊन याचं असन तं जा, पण मनात काही धरू नोका. मीही मागच्या हप्त्यात गेलती. थे पान वाढणं बंद केलं म्हणते त्यायनं."

मी एकटाच एसटीनं गेलो, मग ऑटोनं. दुपारची वेळ. आनंदाबाईच्या घरासमोर चार बाया चुलीशी बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. पदर खांद्यावर. आनंदाबाईनं कढीची पळी तोंडाला लावली आणि ओरडली, "खारी झाली व माय! कोणं टाकलं इतकं?" सगळ्या पोट धरून हसल्या. त्या हसण्यात मला शोभा आठवली, तापाआधीची.

मला पाहून हसणं थांबलं. एकदम नाही, एकेक करून.

"या जी," आनंदाबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली. एवढ्या वयाची बाई माझ्यासाठी उभी राहिली, हे मला आवडलं नाही.

मी त्या खोलीकडे गेलो. दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलेलं होतं. आत कांद्यांची रास होती, कोपऱ्यात तुरीची पोती. मी वाकून आत गेलो, मधोमध उभा राहिलो आणि श्वास घेतला. माझी जीभ गेली होती, नाक शाबूत होतं. कांदा, गोणपाट, सारवण, उंदीर. खोली वासानं भरली होती. साधी खोली.

बाहेर नत्थूजी आले होते.

"पहिलं पान आता ठेवत नाही म्हणे?" मी विचारलं.

"जमाना बदलला जी. आता कायले?"

"आणि महोत्सव?"

"महोत्सव होईन नं. लोक येते." ते माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होते. "नुसती मजा म्हणून."

"नत्थूजी, माझं नाव तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी दाळवाला, बोट घालून बघतो, हे?"

ते वाकून खोलीत शिरले. पोत्यातली पाचेक किलो तूर त्यांनी पिशवीत भरली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा. आमच्या वावरातली हाय. वैनीले सांगजा, लय आशीर्वाद हाय आमचे."

माझ्या दुकानात काउंटरवर एक पाटी आहे: एकदा नेलेला माल परत घेतला जाणार नाही. चाळीस वर्षं मी त्या पाटीच्या मागं उभा राहिलो. त्या दुपारी पहिल्यांदा समोर उभा होतो. तळाचा माल वरच्या चांगल्या दाण्याखाली दडवून खपवणाऱ्या माणसाचं तोंड मला शंभर पावलांवरून ओळखू येतं. फक्त वानगी घेताना मी तोंडाकडे बघितलं नव्हतं. कौतुकाकडे बघितलं होतं.

निघताना आनंदाबाई ऑटोपर्यंत आली. हळूच म्हणाली, "रागावू नोका भाऊ. माही सासू तोंड बांधून गेली, तिची सासू तशीच गेली. आमाले कोणाले सांगताच नाई आलं त्या खोलीतल्याले, बरोबर हाय म्हणून. कोणं चाखलंच नोयतं तं सांगनार कोण?"

"मग आता मी काय करू?"

तिनं तुरीची पिशवी उचलून ऑटोत नीट ठेवली. खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यावर माणसाला वेळ लागतो.

"त्याले काही लागत नाई जास्त," ती म्हणाली. "आपल्या आधी लागते, एवढंच."

८

त्यानंतर आठवडाभर मी जेवणाकडे लक्ष दिलं नाही. दिलं असतं तरी काय कळणार होतं? लक्ष दिलं ते प्रफुलनं.

"मम्मी, आजचं वरण भल्लं झालं! पहिल्यासारखं."

हर्षा म्हणाली, "दोन-तीन दिवस झाले, मीही सांगन म्हणत होती."

शोभा लाजली. खरोखर लाजली. "बाबा सांगते तसं टाकते मी," ती म्हणाली.

मी घास हातात धरून बसलो. मग ती भांडी उचलताना विचारलं, "मी कधी सांगितलं तुला?"

"रोज तं सांगता."

"तू पळी देणं सोडलं होतंस."

"सोडलं होतं. मंग तुमीच येऊन उभे राह्यले नं परवा. तोंडानं काही बोलले नाई; मी मनात म्हटलं, चुकी मान्य दिसते." तिनं हसून माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता बरोबर सांगता तुमी. मीठ कमी असलं तं गप राह्यता. बरोबर झालं का टचका."

मी परवाचा दिवस आठवून पाहिला. परवा सकाळी मी बँकेत होतो. बँकेत होतो का? पासबुकावर शिक्का होता, पण शिक्क्यावर वेळ नसते. माणूस विसरतो. पासष्टीत माणूस स्वयंपाकघरात जाऊन येतो आणि विसरतो. अशी माणसं मी पाहिली आहेत. हरिदासजी स्वतः एकदा चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधत दुकानभर फिरले होते.

सोमवारी बाजार बंद असतो. मी पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. सकाळचे अकरा, दारातून लख्ख ऊन. आत फोडणी चरचरली. भांड्यावर पळी वाजली. मग शोभाचा आवाज.

"चाखा नं जी."

मी पेपर खाली ठेवला. मी उठायच्या आधीच आतून आवाज आला.

टच्.

दहा पावलं आहेत पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत. मी ती मोजून चाललो, म्हणजे नंतर कोणी विचारलं तर सांगता येईल की मी चालत होतो, तिथं नव्हतो. दाराच्या पडद्याला एक बोट फट होती.

शोभा ओट्याशी अर्धी वळलेली होती. तिनं पळी धरली होती, पिठाचा डबा आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्याकडे. माझ्या तोंडाच्या उंचीवर. मी जिथं चार वर्षं उभा राहायचो त्या दाराकडे नाही. आणखी आत.

पळीतल्या वरणावर एक खळी होती, लांबट; माझ्या डोळ्यांदेखत ती भरून आली. काठाला ओली रेघ होती.

कोपऱ्यात काय होतं ते मी सांगणार नाही, कारण मला दिसलं नाही. एवढंच सांगतो की ऊन सगळ्या ओट्यावर होतं आणि त्या कोपऱ्यात कोथिंबिरीचा, फोडणीचा, शोभाचा, कोणताही वास नव्हता. दाराशी मात्र हे सगळे वास मला येत होते. वास जिथं संपायचा ती कड माणसाएवढी उंच होती.

शोभा त्या कोपऱ्याकडे बघून हसत होती. तापाआधी ती असं हसायची. पत्रिका घेऊन आलेले लोक दुसऱ्यांदा भाजी मागायचे तेव्हा.

"बरोबर?" तिनं विचारलं.

माझ्या हातानं पडदा हलला. तिनं वळून पाहिलं.

तिनं आधी मला पाहिलं, मग कोपऱ्याकडे, मग पुन्हा मला. हसणं तोंडावर तसंच होतं, पण डोळ्यांतून निघायला लागलं होतं.

"तुमी... आत्ताच तं इथं..."

आयुष्यात मी पुष्कळ सौदे उभ्याउभ्या केले. विचाराला वेळ मिळत नाही. तोंडाकडे बघायचं आणि बोलायचं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मी खरं सांगितलं असतं तर ती पळी तिच्या हातून कायमची खाली गेली असती. आणि या घरात एक बाई कोपऱ्याकडे बघत उरलं आयुष्य बसली असती, मागच्या ओट्यावर बसली होती तशी.

मी दारातच थांबलो. पुढं झालो नाही.

"हो," मी म्हटलं. "आत्ताच चाखलं. बरोबर आहे."

तिचं हसणं परत जागेवर आलं. तिनं पळी गंजात बुडवली.

टच्.

तो माझ्या तोंडातून आला नव्हता. शोभा मात्र माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आईकलं जी, आईकलं. आता दोनदा कायले?"